डोहातल्या सातजणींचा माग

सारंगखेड्याला लोक येतात ते घोड्यांसाठी. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि बाजाराच्या गडबडीत तापीकडे फारसं कुणी बघत नाही, तिच्या डोहांत राहणाऱ्यांकडे तर नाहीच. पाण्यात वस्ती करून राहणाऱ्यांच्या कहाण्या आजच्या मुलांना गेममधून आणि सिनेमातून कळतात. आपल्याकडे ही वस्ती समुद्रापेक्षा डोहात आणि विहिरीत जास्त. तिथे राहतात साती आसरा. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी त्यांची पोथीतली नावं. मासळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर असा निम्मा डोहच त्यांत आला. गावात मात्र ही नावं कुणी घेत नाही. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आणि जवळ म्हसोबा, एवढ्यावर भागतं.

त्यांची छापील नोंद झाली ती विचित्र योगानं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती गोळा करत होता. गावोगावच्या शाळामास्तरांनी त्यासाठी माहिती पुरवली. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी त्याला नाट्यगृहात गोळ्या घातल्या. त्यानं गोळा केलेले कागद पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादित केले. कोकणचा भाग १९१५ मध्ये आला. त्यात पाण्यातली ही मंडळी भुताखेतांच्या रांगेत बसली. मास्तरांना त्यांच्याबद्दल विचारलंच तसं असावं, असं मला वाटतं. कारण बाळंतिणीला ज्यांची भीती घालतात, त्यांचीच खणानारळानं ओटीही भरतात. भुताची ओटी कोण भरतं?

दामोदर कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मावळातल्या मावलाया, म्हणजे तिथल्या आसराच, लेण्यांच्या आणि जुन्या वाटांच्या संदर्भात पाहिल्या, तेव्हा त्यांना इतिहास मिळाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९५ च्या पुस्तकात नदीचं बाईपण, सुफळता आणि लेकरं यांच्या धाग्यात आसरा ओवल्या. भुताखेतांपासून इथवर यायला ऐंशी वर्षं लागली.

दरम्यान तापीचं पाणीच बदललं. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झालं, त्याचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत आला. पुढे प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले. दारं पडली की डोह आणि उथळ यांत फरक उरत नाही. मग आसरांचं पाणी नेमकं कुठलं, हे दाखवायचं कसं?

घोड्यांच्या बाजाराचं मात्र नदीशी नातं सुटलेलं नाही. पुराणात तापी सूर्य आणि छायेची लेक. त्याच सूर्यानं घोड्याचं रूप घेतलं आणि घोडी झालेल्या त्याच्या बायकोपोटी, संज्ञेपोटी, अश्विनीकुमार जन्मले. म्हणजे ते तापीचे सावत्र भाऊ.