पुस्तकातून विक्का शिकताना

परवा भाचीने विचारलं, "मावशी, विक्का म्हणजे काळी जादू का गं?"

नाही. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला हा निसर्गपूजक धर्म. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं.

तेव्हा दीक्षा गटातच मिळायची. एकट्याने शिकणाऱ्यांची वाट सोपी केली ती स्कॉट कनिंगहॅम यांच्या १९८८ च्या 'विक्का'ने. मीही तिथूनच सुरुवात केली.

विक्काच्या विधीत येतात वर्तुळ आखणं, चार दिशांना आवाहन, अथामे नावाचा सुरा. या सुऱ्याने सहसा काही कापत नाहीत, फक्त ऊर्जेला दिशा देतात. आणि कुणाला इजा करायची नाही, हे सगळ्यात आधी.

मंत्रांच्या मागे लागण्याआधी वर्षभर विक्काचे आठ सण आणि चंद्राच्या कला वहीत नोंदवा. तिथी पाहायची सवय आपल्याला आहेच!