जलहळ्ळीची पिक्चर ट्यूब : एक मागोवा

बेंगळुरूच्या जलहळ्ळी भागात, १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात, कृष्णधवल पिक्चर ट्यूबचे उत्पादन १९७० मध्ये सुरू झाले, तेव्हा दिल्लीखेरीज देशात अन्यत्र दूरचित्रवाणीचे केंद्र नव्हते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, आणि ज्या नगरीत ट्यूब घडत होती त्या नगरीस स्वतःचे केंद्र लाभण्यास १९८१ साल उजाडावे लागले. पुढे काचेच्या कवचांसाठी याच संस्थेने १९८६ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, तळोजे येथे, कारखाना उभारला. आज तो व्यवहार आटोपला असून, जुन्या संचाचा जीर्णोद्धार करू पाहणाऱ्यास नव्या ट्यूबची आशा जवळजवळ उरलेली नाही.

दुरुस्तीचा जुना शिरस्ता यामुळेच बदलणे प्राप्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्यूब महाग, परंतु बाजारात उपलब्ध, अशा त्या काळी, चित्र फिके पडले की हीटरला नेमून दिल्यापेक्षा अधिक व्होल्टेज देऊन, म्हणजे ट्यूब ‘बूस्ट’ करून, तिच्याकडून आणखी थोडी मुदत काम काढून घेत, आणि बेताच्या मिळकतीच्या घरात ते क्षम्यही होते. परंतु त्या जादा उष्णतेने कॅथोडवरील ऑक्साइडचा थर झपाट्याने खर्ची पडतो, आणि गेलेला थर परत येत नाही.

म्हणून प्रथम मानेच्या आतील गेटरचा चंदेरी डाग पाहावा. तो पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि पुढील मेहनत व्यर्थ होय. डाग शाबूत असल्यास, वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला संच एकदम विजेला जोडण्याची घाई न करता, ट्रान्झिस्टरी संचात ट्यूबचा सॉकेट काढून, सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून व हीटरचे व्होल्टेज मोजून, मगच ट्यूब जोडावी. चित्राऐवजी एकच तेजस्वी आडवी रेघ उमटली तर व्हर्टिकलचा भाग बिघडला आहे असे समजून ब्राइटनेस तत्काळ उतरवावा, कारण ती रेघ पडद्यावरील फॉस्फर कायमचा जाळून टाकते.

वीस इंची ट्यूबच्या नुसत्या दर्शनी काचेवर वातावरणाचा दाब सव्वा टनाच्या घरात असतो, आणि मान मात्र पातळ काचेची; तेव्हा मानेस धरून ट्यूब उचलण्याचे धाडस कोणी करू नये, डोळ्यांवर चष्मा चढवावा, आणि ती घोंगडीवर पालथी ठेवावी. वीज तोडल्यावरही आतल्या-बाहेरच्या ग्राफाइट लेपांत हजारो व्होल्टचा भार साठून राहतो. तो रेझिस्टरमधून बाहेरील लेपाच्या अर्थ तारेकडेच उतरवावा, अन्यथा चॅसिसवरील ट्रान्झिस्टर नाहक बळी पडतात.

एवढा बंदोबस्त करूनही चित्र फिकेच आले, तर ते फिके राहू द्यावे, आणि बूस्टची तजवीज सुचविणाऱ्या कारागिरास, त्याच्या कसबाचा पूर्ण मान राखून, नकार द्यावा.