बालकांतील मेरुदंडीय बधिरीकरण

लहान मुलाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, की ‘मूल भुलीतून नीट शुद्धीवर येईल ना?’ ही चिंता आईबापांना प्रथम ग्रासते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या बाबतीत ती निराधार नाही. त्यांचे श्वसनकेंद्र अपक्व असल्यामुळे पूर्ण भुलीनंतर काही तासांपर्यंत श्वास मध्येच थांबण्याचा संभव असतो. नेमका याच बालकांत जांघेतील अंतर्गळ वारंवार आढळतो. अशा वेळी पाठीच्या कण्यात औषध टोचून मूल जागे असतानाच कमरेखालचा भाग बधिर करणे हा एक मार्ग होय.

हा मार्ग नवा नव्हे. ऑगस्ट बियर यांनी १८९८ साली जर्मनीतील कील येथे केलेल्या पहिल्या प्रयोगांतील रुग्णांमध्ये ११ वर्षांचे एक मूलही होते. १९०९ साली लंडनचे टिरेल ग्रे यांनी बालकांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे पूर्ण भुलीच्या पद्धती सुधारल्या व ही रीत मागे पडली. १९८४ साली अमेरिकेतील अबाजियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे पुनरुज्जीवन केले.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे येथे विशेष ध्यानी धरावे लागते. प्रौढात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. नवजात बालकात तो तिसऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून सुई त्याहून खाली टोचावी लागते. मज्जारज्जूभोवतीचा द्रव प्रौढात वजनाच्या दर किलोस सुमारे २ मिलिलिटर, तर तान्ह्या बालकात सुमारे ४ मिलिलिटर असतो. त्यामुळे वजनाच्या मानाने औषध अधिक लागते आणि त्याचा परिणामही लवकर, बहुधा तास-दीड तासात, ओसरतो. उलटपक्षी, प्रौढांप्रमाणे रक्तदाब एकाएकी उतरण्याचे भय तान्ह्या बालकांत फार अल्प असते.

तथापि ही रीत सर्वस्वी निर्धोक मानणे चुकीचे ठरेल. कधी सुई साधत नाही, कधी शस्त्रक्रिया लांबते. मग पूर्ण भूल द्यावीच लागते. सातशेहून अधिक तान्ह्या बालकांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जागेपणीच्या बधिरीकरणानंतर पहिल्या अर्ध्या तासात श्वास थांबण्याचे प्रमाण कमी आढळले. परंतु पुढील तासांत हा लाभ टिकला नाही. त्याच अभ्यासाच्या २०१९ सालच्या निष्कर्षानुसार तासाभराहून कमी काळ दिलेल्या भुलीने पाचव्या वर्षीच्या बुद्धिविकासात फरक पडल्याचे दिसले नाही.

सारांश, पूर्ण भुलीचे अवास्तव भय नको आणि मेरुदंडीय बधिरीकरणावर आंधळा विश्वासही नको. रीत कोणतीही असो, शस्त्रक्रियेनंतर अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचे कर्तव्य टळत नाही.