मुक्काम किती आणि घर कोठे?
परदेशी वारंवार जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी व्हिसाची निवड कशी करावी

एके काळी बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठी घरातील मुलगा नोकरीसाठी मुंबईस गेला तरी तो दूर गेला असे वाटे. आज त्याच घरातील नातवंडे टोरांटो, लंडन, सिडनी नाहीतर न्यू जर्सी येथे जन्मास येतात, आणि बाळंतपणासाठी, आजारपणासाठी, मुंजीसाठी किंवा नाताळासाठी आजी-आजोबांना सातासमुद्रापलीकडे जावे लागते. पहिली खेप कौतुकाची असते. दुसरी, तिसरी खेप झाली की तो जीवनक्रमच होऊन जातो : सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मेतकुटाच्या आणि लोणच्याच्या बरण्या कशा बांधाव्यात याचा विचार घरोघर फार बारकाईने होतो. पण ज्या कागदाच्या बळावर हा सारा प्रवास घडावयाचा, तो कागद नेमका कशाची परवानगी देतो याचा विचार क्वचितच होतो. आणि तेथे झालेली चूक पुष्कळदा अशी असते की तिच्यामुळे नातवाचे दर्शन वर्षानुवर्षे दुरावते.

पहिली गोष्ट ही की, व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन सर्वस्वी भिन्न वस्तू आहेत. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याचा परवाना. तो दहा वर्षांचा असला तर दहा वर्षे दाराशी जाता येते, इतकाच त्याचा अर्थ. दार उघडून आत घेतल्यावर पाहुण्याने किती दिवस राहावे, हे त्या त्या देशाचा कायदा किंवा दाराशी बसलेला अधिकारी ठरवितो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘आमच्याजवळ दहा वर्षांचा व्हिसा आहे’ या समाधानात राहून मुदत ओलांडणारी माणसे थोडी नाहीत.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. भारतीय नागरिकास तेथील बी-२ हा भेटीचा व्हिसा बहुधा दहा वर्षांसाठी व अनेक प्रवेशांसाठी मिळतो. परंतु विमानतळावरील अधिकारी आय-९४ या नोंदीत परतण्याची जी तारीख घालतो, तीच खरी मुदत होय. ती सामान्यतः सहा महिन्यांची असते. व्हिसा संपण्यास आठ दिवस उरले असताना आलेल्या माणसालाही सहा महिने मिळू शकतात. आणि व्हिसाची नऊ वर्षे शिल्लक असलेल्या माणसालाही सहा महिन्यांनी निघावेच लागते. आजारपणासारखे खरे कारण उद्भवल्यास आय-५३९ हा अर्ज करून मुदतवाढ मागता येते. मात्र तो अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वी गेला पाहिजे.

परवानगीवाचून अधिक राहिल्याचे परिणाम कठोर आहेत. मुदत ओलांडली की तो दहा वर्षांचा व्हिसा रद्दबातल होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक परंतु एका वर्षाहून कमी झाला असेल, तर देश सोडल्यानंतर ३ वर्षे पुनःप्रवेशास बंदी येते. तो एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाला असेल, तर ही बंदी १० वर्षांची असते. सत्तरीच्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल, ‘मुदत न ओलांडता सहा महिने राहावे, पंधरा दिवस घरी यावे आणि पुन्हा जावे, यात काय वावगे आहे?’ दर वर्षी अमुक दिवसच राहावे असा आकडा अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसासाठी कायद्यात लिहिलेला नाही हे खरे. परंतु तेथील १९५२ च्या कायद्यानुसार व्हिसा मागणारा प्रत्येक पाहुणा कायमचा राहावयास येत आहे असेच आधी गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या पाहुण्यावर असतो. जो माणूस वर्षातील बहुतेक काळ तेथेच काढतो, त्याचे घर भारतात आहे यावर अधिकाऱ्याचा विश्वास कसा बसावा? म्हणून नियम पाळूनही एखाद्या खेपेस कमी दिवस मिळतात, क्वचित विमानतळावरूनच परत यावे लागते.

मग ‘ग्रीन कार्ड’ घ्यावे काय? मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असेल आणि तिने वयाची २१ वर्षे पूर्ण केली असतील, तर आई-वडिलांसाठी तसा अर्ज करता येतो, व या नात्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पण ते कार्ड तेथे कायमचे राहणाऱ्यासाठी आहे. कार्ड घेऊन भारतातच दीर्घ काळ राहिल्यास उलट बाजूने तोच प्रश्न उभा राहतो. सहा महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली की विचारपूस होते. पुनःप्रवेशाचा परवाना न घेता वर्षभर बाहेर राहिल्यास ते कार्ड प्रवेशासाठी सहसा चालत नाही आणि तेथील वास्तव्याचा हक्कच धोक्यात येतो. इंदूरचा वाडा, दारची तुळस आणि शेजारपाजार ज्यांना सोडवत नाही, त्यांनी केवळ रांगेचा त्रास वाचावा म्हणून ग्रीन कार्ड घेणे म्हणजे एका अडचणीतून दुसरीत जाणे होय.

कॅनडाने या कौटुंबिक गरजेची दखल निराळ्या रीतीने घेतली आहे. सामान्य पाहुण्यास तेथे बहुधा सहा महिने मिळतात. परंतु कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांच्या आई-वडिलांसाठी व आजी-आजोबांसाठी २०११ च्या डिसेंबरात ‘सुपर व्हिसा’ सुरू झाला. तो दहा वर्षांपर्यंत चालतो, आणि ४ जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. अर्थात अटीही तशाच आहेत. बोलावणाऱ्या मुलाचे किंवा नातवाचे उत्पन्न ठराविक किमान मर्यादेइतके असावे लागते, त्याचे निमंत्रणपत्र लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि निदान एक वर्षाचा, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा आरोग्यविमा घ्यावा लागतो. ज्यांचा मुक्काम दर खेपेस तीन-चार महिन्यांचाच असतो, त्यांना हा खटाटोप करण्याचे कारण नाही. वर्ष-दोन वर्षे सलग राहणाऱ्यांना मात्र हाच मार्ग योग्य.

ऑस्ट्रेलियातही आई-वडिलांसाठी स्वतंत्र व्हिसा आहे. त्याचा क्रमांक ८७० असून तो २०१९ साली सुरू झाला. तो ३ किंवा ५ वर्षांचा मिळतो आणि सर्व मिळून १० वर्षांपर्यंत राहता येते. त्याआधी मुलाने किंवा मुलीने पुरस्कर्ता म्हणून सरकारची मान्यता घ्यावी लागते. नोकरी करता येत नाही, आरोग्यविमा हवाच, आणि शुल्क साध्या भेटीच्या व्हिसाच्या कैक पटींनी असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

ब्रिटनचा मार्ग याहून अरुंद आहे. तेथे भेटीचा व्हिसा २, ५ किंवा १० वर्षांचाही मिळतो, पण एका खेपेचा मुक्काम सहा महिन्यांहून अधिक नसावा लागतो. शिवाय वारंवार भेटी देऊन ब्रिटनलाच आपले मुख्य घर बनवू नये, असे तेथील नियमात स्पष्ट म्हटले आहे. परावलंबी झालेल्या वृद्ध आई-वडिलांना कायमचे नेण्याची वाट आहे खरी. परंतु २०१२ पासून तिच्या अटी इतक्या कडक झाल्या आहेत की तिच्यावर विसंबून कोणी घरदार आवरू नये.

युरोपातील शेंगेन देशांचे गणित अगदीच वेगळे. त्यांची संख्या आता २९ असून गोमंतकीयांच्या परिचयाचे पोर्तुगालही त्यांतच येते. या सर्व देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पोर्तुगालमध्ये ९० दिवस काढून मग फ्रान्समध्ये लेकीकडे जाता येत नाही, कारण दिवस एकत्रच मोजले जातात. लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च असा मुक्काम केला तर ९० दिवस पुरे झाले. पुढचा प्रवेश ३० जूनच्या आधी नाही. पूर्वी ही मोजणी पासपोर्टावरील शिक्के पाहून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे ये-जा नोंदविण्याची यांत्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तेव्हा एका दिवसाची चूकही आता नजरेआड होणे कठीण. याहून दीर्घ मुक्काम हवा असल्यास त्या एका देशाचा स्वतंत्र राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो.

हाच प्रश्न उलट दिशेनेही येतो. गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. त्यामुळे म्हापशाच्या किंवा मडगावच्या आपल्याच घरी यावयाचे तर त्यांना परदेशी म्हणून यावे लागते. पर्यटकाच्या व्हिसावर मुक्कामाला मर्यादा असते, आणि म्हाताऱ्या आईच्या उशाशी बसणारा मुलगा पर्यटक नव्हे. अशांसाठी ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ ही नोंदणी आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील माणसांचाही या कायद्यात स्पष्ट उल्लेख आहे. १९६१ साली मुक्त झालेला गोवा त्यात येतो. या नोंदणीने भारतात आजन्म ये-जा करता येते, व मुक्काम कितीही लांबला तरी पोलिसी नोंदणी करावी लागत नाही. मतदानाचा किंवा शेतजमीन विकत घेण्याचा हक्क मात्र तिच्याने मिळत नाही.

या साऱ्याचे सार काढावयाचे तर अर्ज भरण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. वर्षातील किती महिने तिकडे जाणार? ही ये-जा किती वर्षे चालणार? आणि अखेर घर म्हणावयाचे ते कोठले? वर्षाकाठी तीन-चार महिनेच जावयाचे असेल तर साधा भेटीचा व्हिसा पुरतो. सलग वर्ष-दोन वर्षे राहणे भाग असेल तर त्या देशाने आई-वडिलांसाठी खास मार्ग ठेवला आहे काय ते पाहावे. आणि खरोखर तिकडेच उर्वरित आयुष्य घालवावयाचे असेल तर कायम वास्तव्याचाच अर्ज करावा. पाहुण्याच्या वेशात रहिवासी होऊ पाहू नये.

कोणत्याही मार्गाने गेले तरी काही पथ्ये समान आहेत. परतीची तारीख उतरल्याबरोबर तपासून मुलाच्या हाती टिपून द्यावी. कायद्याने सक्ती असो वा नसो, आरोग्यविम्यावाचून जाऊ नये. भेटीच्या व्हिसावर मोबदला घेऊन कोणतेही काम करू नये. घरपट्टी, निवृत्तिवेतन, बँकेची खाती असे घराचे पुरावे व्यवस्थित ठेवावेत. नियम बदलत असतात, म्हणून दर खेपेस त्या देशाच्या सरकारी माहितीवरूनच खात्री करून घ्यावी. मुख्य म्हणजे, दलालाने पढविलेले उत्तर देऊ नये. ‘दोन महिने राहणार’ असे सांगून दर खेपेस सहा महिने राहिलेल्या माणसाची नोंद कागदोपत्री उरते, आणि पुढच्या खेपेस तीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

आजीला नातवाची ओढ असते, यात लपविण्यासारखे काहीच नाही. ती ओढ जशी आहे तशी सांगावी आणि तिला साजेल असा कागद मागावा. तो मिळण्यास कदाचित चार महिने अधिक लागतील. परंतु ज्या दाराने सरळ आत जाता येते, तेच दार पुढील वर्षीही उघडे राहते.