विमानातली शिदोरी

ऑगस्ट जवळ आला की परदेशी शिकायला निघालेल्यांच्या घरी एकच सीन असतो. हॉलमध्ये उघडी बॅग, शेजारी वजनकाटा आणि 23 किलोंत काय बसवायचं यावरून जुंपलेली. हँडबॅगेतल्या डब्याची आठवण मात्र शेवटच्या रात्री होते. 'विमानात देतात की जेवायला!' असं तुम्ही म्हणता. देतात, पण त्यांच्या वेळेला. मध्ये सहा तासांचा ट्रान्झिट असला तर मध्यरात्री साध्या सँडविचसाठी युरो मोजताना जीव जातो. (शाकाहारी असाल तर बुकिंग करताना 'हिंदू मील' निवडू नका, बऱ्याच एअरलाइन्सच्या त्या जेवणात चिकन किंवा मटण असतं. 'एशियन व्हेजिटेरियन' मागवा, तेही निदान 24 तास आधी.)

आता हिशेब करा. पुण्याहून मुंबई एअरपोर्टला चार तास, तिथे आणखी तीन. म्हणजे विमान उडतं तेव्हाच तुमचा डबा सात तासांचा झालेला असतो. शिजवलेलं ओलसर अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात. त्यामुळे दहीभात, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी बाद. परक्या देशात पहिल्याच दिवशी पोट बिघडलं तर सोबत कोणीही नसणार, हे लक्षात ठेवा.

उत्तर आजीकडे आहे: दशमी. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, की ती मऊ राहते आणि प्रवासात टिकते. सोबत राजगिऱ्याचे किंवा नाचणीचे लाडू. फक्त दशम्या पूर्ण गार होऊ द्या. गरम बांधल्या तर वाफेचं पाणी सुटतं आणि सगळं आंबतं. फॉइलपेक्षा सुती कापड बरं.

विमान 35 हजार फुटांवर असलं, तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतका असतो. कळसूबाई 5,400 फूट! म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर बसून जेवताय. दाब कमी झाला की वेफर्सचं पाकीट फुगतं, तसाच पोटातला गॅसही. म्हणून उसळ, राजमा, कोबी, कोल्ड्रिंक नको. कोरड्या हवेत मीठही कमी लागतं. पण म्हणून मीठ वाढवू नका, दशमीत ओवा-तीळ घाला.

सिक्युरिटीला लोणचं, तूप, दही हे सगळं द्रवपदार्थांत धरलं जातं, त्यामुळे चेक-इन बॅगेत. सुकं खोबरं तर तिथेही नको, तेलामुळे ते ज्वलनशील मानलं जातं. पाण्याची बाटली रिकामी न्या, आत भरून घ्या. लसणाच्या चटणीवर माझंही प्रेम आहे, पण बंद केबिनमध्ये शेजाऱ्याची दया करा. शेंगदाण्याची चटणी असेल आणि कोणाला अ‍ॅलर्जी आहे अशी अनाउन्समेंट झाली, तर डबा मुकाट बंद.

उतरताना उरलेलं काय, हे आधीच ठरवा. अमेरिकेत खायचं जे काही जवळ असेल ते कस्टम्सला सांगावं लागतं. लपवलेलं सफरचंदसुद्धा दंड करवतं. युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे जर्मनीला निघाला असाल तर आजीचे पेढे आकाशातच संपवा. एकट्याला जमत नसेल तर अख्ख्या रांगेला वाटा.