बुधवारची रात्र पवनेच्या काठी

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांचा रविवार गुरुवारी येतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, मुलांच्या शाळेची रविवारची. वडील घरी असले की मुले शाळेत, मुले घरी असली की वडील पाळीवर. अशाने सहकुटुंब बाहेर पडणे म्हणजे गावाकडचे लग्न, नाहीतर चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी. नुसते हवापालटासाठी, उघड्या आभाळाखाली एक रात्र काढायला म्हणून आपल्यापैकी किती कुटुंबे गेली असतील? आम्हीही कधी गेलो नव्हतो.

या जानेवारीत मात्र आमच्या चाळीतल्या तीन कुटुंबांनी ठरवले. बुधवारी कर्त्या पुरुषांनी अर्धी रजा टाकायची, मुलांनी गुरुवारी शाळेला दांडी मारायची (हे आम्ही लपवत नाही) आणि एक रात्र पवना धरणाच्या काठी तंबूत राहायचे. लहानमोठी मिळून अकरा माणसे निघालो. सर्वांत लहान सात वर्षांची, सर्वांत मोठ्या आमच्या शेजारच्या आजी. आजींचा प्रश्न एकच होता, "घर असताना पालात झोपायला पैसे द्यायचे? आम्ही उसतोडीला फुकटात झोपलो की!" यावर कोणालाच उत्तर सुचले नाही. पण पिशवी भरून सर्वांत आधी त्याच तयार झाल्या.

जायला वाहन ठरवायची गरज नाही. पुणे-लोणावळा लोकलने कामशेटला उतरावे, तिथून पवनानगरपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर, एसटी किंवा जीप मिळते. लोकलच्या वाटेवरही पाहण्यासारखे आहे. देहूरोड आले तसे आजींनी सवयीने हात जोडले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली ते विहार इथलेच. पुढे घोरावडीजवळ घोराडेश्वराचा डोंगर दिसतो. त्याच्या पोटात शेलारवाडीची लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात सियागुतनिका नावाच्या बाईने लेणे दान केल्याचे कोरलेले आहे. तिचा नवरा उसभणक हा धेनुकाकट गावचा नांगर धरणारा शेतकरी होता. राजाराणी नव्हे, नांगरकऱ्याची बायको! रोज त्या डोंगराखालून कामावर जाणाऱ्या आमच्या मंडळींना हे ठाऊक नव्हते.

पवनानगरहून जलाशयाच्या काठाने रस्ता जातो. एका बाजूला तुंग, दुसरीकडे तिकोना, मागे लोहगड, आणि मधे पाणीच पाणी. मुलांनी आरडाओरडा केला, मोठी माणसे गप्प झाली. चिंचवडच्या पुलावरून आपण रोज जी पवना पाहतो, जलपर्णीने झाकलेली, कधी फेसाळलेली, नाकाला रुमाल लावून ओलांडायची, तीच ही नदी, हे मुलांना पटेना. सह्याद्रीत उगम पावून ही नदी मावळातून, पुढे आपल्या शहरातून वाहत जाऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथे महापालिका ते उचलते, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करते आणि मग ते आपल्या नळाला येते. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून ज्या पाण्यासाठी आपल्या बायामाणसांचे सारे वेळापत्रक बांधले गेले, ते पाणी असे समोर पसरले होते.

तंबूंची जागा फोनवर चित्रे पाहून ठरवली होती. चित्रात दिवे होते, झोपाळे होते. प्रत्यक्षातही होते, नाही असे नाही. नव्हते ते वेगळेच. पाण्याच्या कडेला ना दोर, ना खांब, ना तरंगणारे जाकीट, ना 'येथे खोल पाणी' अशी एक पाटी. आमच्याही ते लक्षात आले नाही, लक्षात यायला संकट यावे लागले.

दिवस मावळत होता. बायका चहाच्या नादात, पुरुष सामान लावण्यात. मुलांचा चेंडू पाण्याकडे गेला आणि शेजाऱ्यांचा चौदा वर्षांचा मुलगा तो आणायला धावला. मुलगा महापालिकेच्या तलावात पोहायला शिकलेला, म्हणून कोणी हटकले नाही. पावसाळ्यानंतर जलाशयाचे पाणी हळूहळू मागे सरते आणि काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसतो, खाली लोण्यासारखा मऊ असतो. दहा पावलांवर त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तो मांडीपर्यंत गेला. त्याचे वडील "थांब, आलो" म्हणून धावले आणि त्यांचेही पाय रुतायला लागले.

अशा वेळी जवळच्या घरातून एक मावशी पळत आल्या. तंबूवाल्यांकडे पिठले-भाकरी करून देणाऱ्या त्या बाई. हातात बैलाचा कासरा. "आरं पोरा, हालू नको! पालथा पड, पालथा! हात पसर!" असे त्या ओरडल्या. त्याच्या वडिलांना त्यांनी दंड धरून मागे ओढले. मुलगा पोटावर आडवा झाला, कासरा त्याने बगलेखालून घेतला आणि आम्ही सहा-सात जणांनी हळूहळू, धसका न देता ओढला. एक चप्पल गाळात राहिली, बाकी सगळा आला. त्याची आई त्याला जवळ घ्यायच्या आधी एक चापट मारून मोकळी झाली, मग रडली.

वाचक बंधूभगिनींनो, हे सविस्तर लिहिले ते याचसाठी. पोहता येणे आणि धरणाच्या पाण्यातून वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलावाचा तळ सिमेंटचा, सपाट असतो. इथे पाण्याखाली जुनी शेते, बांध, विहिरी, झाडांची खोडे आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल डोक्यावर पाणी जाईल अशा जागी पडू शकते. वरचा हातभर थर उन्हाने कोमट असला तरी खालचे पाणी थंडगार असते, त्यात हातपाय आखडतात. आणि एक बुडू लागला की दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच घरातली दोन-तीन माणसे एकदम जातात ती अशी. आत उडी घेऊ नये. दोर, लुगडे, घट्ट बूच लावलेला रिकामा कॅन, जे हाती असेल ते फेकावे. आम्ही आता सहलीच्या सामानात पहिली वस्तू म्हणून पन्नास फूट दोर लिहून ठेवला आहे. पावसाळ्यात तर वाहत्या पाण्यात पाय घालूच नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, त्यात चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते.

रात्री मावशींनी भाकरी थापली, आजी त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या तव्यावर थापू लागल्या. दोघींची ओळख क्षणात झाली. मावशींनी अंधारात पाण्याकडे बोट केले. "आमचं जुनं घर तिकडं हाय, पाण्यात. सासऱ्याची जमीन बी तिथंच." पवना धरण १९७२ साली पूर्ण झाले. साडेआठ टीएमसी पाणी मावते, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्या पाण्याखाली गावे गेली. पन्नास वर्षे उलटली, तरी कित्येक धरणग्रस्तांचा जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही. उन्हाळ्यात पाणी आटले की जुने वाघेश्वराचे देऊळ उघडे पडते, तेव्हा म्हातारी माणसे जाऊन आपली शिवारे ओळखून येतात, असे मावशी म्हणाल्या. काठाच्या जमिनीही आता बऱ्याचशा शहरातल्यांनी घेतल्या. "आमी हितंच, पर मजुरीला."

मग आमच्यातल्या एका दादांनी विचारले, बंद जलवाहिनीचे काय झाले? धरणातून पाणी थेट नळाने निगडीपर्यंत न्यायची ती योजना. मावळच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले, त्यांत एक बाई होती. मावशी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी तुमालाबी लागतंच की. पर इचारलं न्हाई आमाला कुणी." आमच्यापैकी कोणाला भाकरीचा घास लवकर गिळता आला नाही. आम्ही मोठ्या घरातली माणसे नव्हेत, पत्र्याच्या खोल्यांतून चाळीत आलेली. तरी त्या नळाच्या या टोकाला आम्ही होतो आणि त्या टोकाला मावशी.

झोपण्याविषयी थोडे. थंडी चिंचवडपेक्षा पुष्कळ जास्त असते, दव इतके पडते की तंबूच्या कापडातून आत थेंब टपकतात. खालून गारठा येतो, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवे. एका गृहस्थांनी शेगडी आत घेऊ या असे सुचवले. कोणीही, कधीही असे करू नये. कोळसा धुमसताना जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद तंबूत माणूस झोपेतच जातो. निखारे बाहेरच विझवावेत, पाणी ओतून, माती टाकून. शौचालय स्त्रियांसाठी वेगळे आहे का, त्यात दिवा आणि कडी आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारावे. आम्ही विचारले नव्हते. शनिवारी इथे कर्णे आणि दारूचा धिंगाणा असतो असे ऐकले. बुधवारी मात्र शांतता होती, आणि भाडेही कमी पडले. गुरुवारच्या सुट्टीचा हा एक फायदा! आकाशात इतके तारे असतात हे आमच्या सात वर्षांच्या मुलीला खरेच वाटेना. "हे रोज असतात?" असे तिने तीनदा विचारले.

सकाळी लवकर उठून बेडसे लेणी गाठली. कामशेटच्या वाटेवरच आत वळावे लागते. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आजी दोनदा बसून चढल्या. लेण्यांचे तोंड पूर्वेला, म्हणून सकाळीच जावे. कोवळे ऊन थेट चैत्यगृहात शिरते आणि आतला स्तूप उजळतो. दर्शनी खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी इतकी ठसठशीत आहेत की मुले त्यांच्याशी बोलू लागली. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांची. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे दान इथे कोरलेले आहे. पाण्याच्या टाक्यावर एका बाईचे नाव आहे, महाभोजाची मुलगी सामडिनिका. तिने दान दिले ते पाण्याचे. आणि एका छोट्या स्तूपावरचा लेख थेर गोभूती यांचा. ते अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे भिक्खू होते, आणि तो स्तूप त्यांच्या शिष्याने, आषाढमित्राने, बांधून घेतला.

ते वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाल्या, "म्हणजे हे बी उघड्यावरच झोपायचे." मग पायरीवर बसून त्यांनी त्रिसरण म्हटले, मुलांनी साथ दिली. काल गाळात रुतलेला मुलगा एकाच चपलेवर, दुसऱ्या पायाला आजींची वहाण घालून, सगळ्यांत मागे उभा होता.

दुपारी कामशेट स्टेशनवर नवी चप्पल घेतली आणि लोकलची वाट पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. मावशींचा कासरा परत द्यायचा राहून गेला, तो आमच्या पिशवीत आला. तो द्यायला पुन्हा जावे लागणार आहे, बहुधा मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या बुधवारी, वाघेश्वराचे देऊळ पाण्याबाहेर येते तेव्हा.