नोकरभरतीतील जातिभेद आणि कायद्याचे उपाय

शिक्षण पुरेसे, अनुभव जुळणारा, जागाही रिक्त. परंतु उमेदवाराचे आडनाव आणि गाव विचारून झाले की बोलणे आटोपते घेतले जाते. असा नकार कोणी लेखी देत नाही, आणि उमेदवाराची खरी अडचण तेथेच सुरू होते. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडण्यात आले होते. पात्रता सारखी, फरक केवळ नावाचा. दलित नावाच्या उमेदवारास बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच भरली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी.

शासकीय नोकरीत मार्ग तुलनेने सरळ आहे. संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास एवढ्याच कारणावरून भेद करण्यास मनाई केली आहे. हे बंधन मंत्रालयाप्रमाणेच ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या नेमणुकीसही लागू आहे. डावलल्या गेलेल्या उमेदवाराने माहिती अधिकाराखाली निवडीचे निकष व कार्यवृत्त मागवावे आणि फार विलंब न लावता नेमणुकीच्या स्वरूपानुसार प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे किंवा अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात दाद मागावी.

खाजगी मालकास मात्र सोळावा अनुच्छेद बांधीत नाही. जात, धर्म वा वंश यांवरून खाजगी भरतीत भेद करण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे अद्याप झालेला नाही, ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे. तथापि अस्पृश्यता नष्ट करणारा सतरावा अनुच्छेद खाजगी व्यक्तींनाही लागू आहे. त्यास अनुसरून झालेल्या नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ अन्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही नोकरीस आडकाठी करणे हा दखलपात्र अपराध आहे. शाळेत पोषण आहार शिजविण्यासाठी बाई नेमताना ‘तिच्या हातचे मुले खाणार नाहीत’ असे म्हणून तिला नाकारणे, हे याचे उघड उदाहरण होय. विशेष म्हणजे बाधित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास कृत्य अस्पृश्यतेमुळेच घडले असे कलम १२ अन्वये न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते.

अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने इतरांस खुल्या असलेल्या नोकरीपासून अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीस रोखणे हाही अपराध ठरला. त्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. प्रथम खबर नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. ‘आधी चौकशी करू, मग पाहू’ या उत्तरास त्यामुळे आधार उरलेला नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकसेवक या अधिनियमाखाली स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो.

तरीही प्रकरण उभे राहते ते पुराव्यावर. जाहिरातीचे कात्रण, अर्जाची पोच, मुलाखतीचे पत्र, कोण काय बोलले याची त्याच दिवशी केलेली टिपणी आणि ते ऐकणाऱ्यांची नावे जपून ठेवावीत. पोलीस ठाण्यात दाद न लागल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडेही, तसेच जमातींच्या बाबतीत त्यांच्या स्वतंत्र आयोगाकडे, अर्ज करता येतो. चौकशीच्या वेळी साक्षीदारांना व कागदपत्रांना पाचारण करण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार या आयोगांना आहेत.